सहा नंबरचा कुत्रा

सहा नंबर चित्रावर थुंकले, असं आमच्या संग्रहालयात अजून सांगतात. नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या चहाबरोबर त्याला ही गोष्ट मिळते. मी खिडकीत बसून ऐकते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. अहो, थुंकणं वेगळं आणि थुंकी लावणं वेगळं. आई रुमालाचं टोक थुंकीने ओलं करून पोराच्या गालावरचा डाग पुसते, तेव्हा ती पोरावर थुंकली असं कोणी म्हणतं का? पण सांगणाऱ्यांच्या जिभेला हाड नाही. म्हणून एकदा पहिल्यापासून नीट सांगून टाकते.

मी इथे तिकिटाच्या खिडकीवर सव्वीस वर्षं आहे. सगळे मला खिडकीच म्हणतात. सहा नंबर म्हणजे वरच्या मजल्यावरच्या सहाव्या दालनाचे पहारेकरी, माझ्यानंतर तीन वर्षांनी लागलेले. अंगाने सडपातळ, बोलणं हळू, बुटांना मात्र रोज पॉलिश. सकाळी साडेनऊला माझ्या खिडकीशी थांबायचे आणि विचारायचे, आलीस का खिडकी? मी म्हणायची, नाही, अजून घरीच आहे. हा विनोद बावीस वर्षं रोज झाला. त्यांना त्याचा कंटाळा आला असेल तर माहीत नाही, मला कधी आला नाही. संध्याकाळी ते जायचे तेव्हा खिडकीतून रस्त्याच्या वळणापर्यंत दिसायचे.

सहाव्या दालनात अकरा चित्रं. पहारेकऱ्याने सकाळी कुलूप काढून अकरा मोजायची, संध्याकाळी अकरा मोजून कुलूप लावायचं आणि मधले आठ तास डोळे उघडे ठेवून बसायचं. वाचायचं नाही, रेडिओ ऐकायचा नाही, डुलकी तर नाहीच नाही. खुर्ची दाराशी ठेवायची, असा लेखी नियम. दिवसातून तीस-चाळीस वेळा 'हात लावू नका' म्हणायचं आणि दहा-बारा वेळा 'स्वच्छतागृह खाली, डावीकडे'. आडवारी तर तेवढंही बोलणं नाही. सोपं वाटतं ना? बसून बघा एक दिवस. पाय सुजतात, आणि दुपारी तीनच्या सुमाराला कोणी काही विचारलं तर आपलाच आवाज परका वाटतो.

त्यांच्या घरीही बोलायला कोणी नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मूलबाळ नाही. बायको होती, ती नोकरीच्या अकराव्या वर्षी आजारी पडली आणि सात महिन्यांत गेली. या माणसाला लहानपणापासून कुत्रा पाळायचा होता. बायको म्हणायची, या घरात एक तर मी राहीन नाहीतर कुत्रं. हसत म्हणायची, पण म्हणायची. ती गेल्यावर आम्हीच त्यांच्या मागे लागलो की आता आणा एखादं पिल्लू, घरात हालचाल तरी राहील. खाली पाहुण्यांच्या पिशव्या सांभाळणाऱ्याच्या बहिणीकडे चार पिल्लं झाली होती, त्यातलं एक तर ठरल्यासारखंच होतं. सहा नंबर जाऊन बघून आले, मांडीवर घेऊन बसले आणि रिकाम्या हाताने परत आले.

मी विचारलं, का हो?

"कुत्रं पंधरा वर्षं जगतं," ते म्हणाले. "मी मधेच गेलो तर ते दाराशी बसून राहील. त्याला कोण सांगणार?"

मी आपली सुट्टे पैसे नीट लावत बसले.

तर आता चित्र. सहाव्या दालनाच्या मधल्या भिंतीवर एका श्रीमंत जोडप्याचं मोठं चित्र आहे. नवरा उभा, बायको खुर्चीत, तिचा हात त्याच्या बाहीवर. तिच्या पायाशी एक छोटा कुत्रा. पूर्वी त्या दालनात कोळशाची शेगडी होती, तिच्या धुराने सगळं चित्र उकळलेल्या चहासारखं झालं होतं. नवरा-बायकोचे चेहरे आणि कुत्र्याचा आकार तेवढा दिसायचा, बाकी अंधार. खाली पाटी: कुत्रा हे पतीपत्नीच्या निष्ठेचं प्रतीक आहे. सहा नंबरांना ही पाटी मुळीच पटत नसे. त्यांचं म्हणणं, निष्ठा कसली, तो त्या दोघांकडे बघतसुद्धा नाही. आणि ते खरं होतं. कुत्र्याची मान डावीकडे वळलेली होती, चित्राच्या काठाकडे. बघणारा म्हणेल की तो खोलीच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी शोधतोय.

सहा नंबरांनी आपली खुर्ची त्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. त्याबद्दल त्यांना दोनदा लेखी समज मिळाली. समज मिळाली की आठवडाभर खुर्ची दाराशी यायची, मग रोज वीतभर सरकत सरकत पुन्हा कोपऱ्यात जायची. मी एकदा चिडवलं की काय हो, तिथे हवा चांगली लागते का? तर म्हणाले, तिथे बसलं की तो माझ्याकडे बघतो. अगदी साधेपणाने म्हणाले. सकाळी आले की त्याला 'काय रे' म्हणायचे, जाताना 'येतो' म्हणायचे. हे मला ठाऊक होतं आणि मी ते कोणाला सांगितलं नाही. माझं तोंड फाटकं आहे, पण काही गोष्टी मी आत ठेवते.

मग एके दिवशी एका जाडजूड पाहुण्याने चित्राला नाक लावून पाटी वाचता वाचता जी शिंक दिली, ती थेट कुत्र्याच्या तोंडावर. अशा वेळी नियम काय? चित्राला हात लावायचा नाही. कचेरीला कळवायचं, कचेरी अर्ज भरणार, अर्ज मोठ्या शहरातल्या चित्रं दुरुस्त करणाऱ्याकडे जाणार, आणि त्याला सवड होईल तेव्हा तो येणार. आधी एका चौकटीला चीर गेली होती, तेव्हा तो चौदा महिन्यांनी उगवला होता. चौदा महिने कुत्र्याच्या तोंडावर परक्या माणसाचा शेंबूड! सहा नंबरांना ते बघवलं नाही. सोमवारी संग्रहालय बंद असतं, पहारेकरी फक्त झाडपुशीला येतात. त्या सोमवारी त्यांनी रुमालाचं टोक तोंडात धरलं आणि हलक्या हाताने डाग पुसला.

डाग गेला, पण डागाखालची काजळीही गेली. एक कान पांढरा निघाला. तपकिरी कुत्र्याला एक पांढरा कान! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आता पकडले जाणार म्हणून आठवडाभर धाकधूक. कोणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यांना वाटलं की एकच कान असा बरा दिसत नाही. पुढच्या सोमवारी दुसरा कान पुसला. मग कानांमुळे कपाळ मळकट दिसायला लागलं. असं करत करत, सोमवारी बोटभर, सोमवारी बोटभर, चार वर्षं त्यांनी तो कुत्रा धुतला. तिसऱ्या वर्षी गळ्यातला पट्टा निघाला, लाल, त्याला इवलीशी घंटी. दुसऱ्या दिवशी आनंद पोटात मावेना म्हणून त्यांनी मला सांगून टाकलं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, तुमची नोकरी जाईल, सोडा हा उद्योग. त्यांनी शब्द दिला की सोडतो, आणि सोडला, पण शेपटी झाल्यावर.

हळूहळू होणारी गोष्ट रोज बघणाऱ्याला दिसत नाही. संग्रहालयाच्या साहेबांना दिसली नाही, कचेरीला दिसली नाही. आणि ज्यांना दिसली, त्या बाईंना ती भलतीच दिसली.

बाई एका कॉलेजात जुन्या चित्रांबद्दल शिकवायच्या. चाळिशीच्या, चष्मा सारखा डोक्यावर आणि सारखा हरवलेला. जुन्या चित्रांतल्या कुत्र्यांवर त्या पुस्तक लिहीत होत्या. दर बुधवारी सहाव्या दालनात येऊन दिवसभर बसायच्या, आणि त्यांना बोलायला लागायचं. आमच्या सहा नंबरांशी इतकं कोणी बायको गेल्यापासून बोललं नव्हतं. बाई त्यांना काका म्हणायच्या, आणि काका संध्याकाळी खिडकीशी येऊन सगळा धडा मला म्हणून दाखवायचे. बायकोच्या पायाशी कुत्रा म्हणजे निष्ठा. थडग्यावरच्या दगडी सरदाराच्या पायांखाली दगडी कुत्रा म्हणजे मेल्यावरही सोबत. पंडिताच्या टेबलाखाली झोपलेला म्हणजे शांत मन. मेजवानीच्या कोपऱ्यात हाड चघळणारा म्हणजे हावरेपणा. शिकारी कुत्रा दिसला की मालक बडा आसामी समजायचा. मी म्हटलं, इतकी कामं करतो तर त्याला पगार का देत नाहीत? सहा नंबर हसले. त्या चार महिन्यांत ते दर बुधवारी नवा शर्ट घालून यायचे. मला ते दिसायचं आणि खोटं कशाला सांगू, नाकाला मिरच्या झोंबायच्या.

चार महिन्यांनी बाईंचं व्याख्यान ठरलं, सहाव्या दालनातच, चित्रासमोर. विषय काय, तर या चित्रात सगळा उजेड एकट्या कुत्र्यावर का? बाईंनी शोध लावला होता की चित्र काढलं तेव्हा नवरा-बायको दोघंही मेलेली असणार. म्हणून ती अंधारात आहेत. मागे उरलेला कुत्रा तेवढा उजेडात, आणि तो चित्राच्या काठाबाहेर बघत त्यांची वाट बघतोय. बाईंनी हे काकांना सगळ्यांच्या आधी सांगितलं, कारण वाट बघण्याची गोष्ट काकांनीच त्यांना सुचवली होती.

त्या संध्याकाळी सहा नंबर माझ्या खिडकीशी आले ते पांढरेफटक पडून. हा उजेड म्हणजे त्यांची थुंकी होती, आणि हे जगात आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी स्पष्ट सांगितलं, गप्प बसा. निवृत्तीला आठ महिने राहिलेत. बोललात तर त्या दालनाचं दारही दिसणार नाही. त्यांचं म्हणणं, उद्या दुसरा कोणी जाणकार येईल, बोट लावून बघेल आणि बाईंचं सगळ्यांत हसं होईल. मी म्हटलं, होऊ देत, शिकलेल्या आहेत, सावरतील. हे मी बोलले. वाईट बोलले. मला त्यांची काळजी होती आणि बाईंचा रागही होता, त्यातलं कुठलं जास्त होतं ते आजही नक्की सांगता येणार नाही.

व्याख्यानाच्या सकाळी मी खुर्च्यांवर कागद ठेवायला वर गेले होते. लोक यायला अजून तास होता. बाई चित्रासमोर उभ्या राहून मनाशी पाठ करत होत्या. सहा नंबर कोपऱ्यातल्या खुर्चीतून उठले आणि त्यांच्याजवळ गेले.

"बाई, हा उजेड चित्रकाराचा नाही. मी पुसलाय. थुंकीने, चार वर्षं, दर सोमवारी."

बाई आधी हसल्या. मग त्यांनी काकांचा चेहरा बघितला. चष्मा डोळ्यांवर आणला, भिंग काढलं आणि कुत्र्याच्या कडेकडेने बघत गेल्या. मागच्या पायाशी बोटभर जागा पुसायची सुटलेली होती, तिथे पोचल्यावर थांबल्या. जुन्या फोटोत कुत्रा काळपट दिसतो हे त्यांनी पाहिलं होतं, पण फोटो खराब असेल म्हणून सोडून दिलं होतं. ते त्या मला नंतर बोलल्या. त्या क्षणी त्यांनी इतकंच विचारलं की फक्त कुत्राच का पुसला?

"ती दोघं एकमेकांना आहेत, बाई. त्याचं कोणी नव्हतं."

मी हातातले कागद तसेच धरून उभी होते. बाईंनी भिंग मिटून ठेवलं. पण बाई खरी निघाली, हे मला मान्य करावं लागतं. तीस माणसं येऊन बसली, साहेब पहिल्या रांगेत, आणि बाईंनी उभं राहून सांगितलं की मी आज जे सांगणार होते ते चूक आहे, कुत्र्यावरचा उजेड अलीकडचा आहे, कोणीतरी काजळी पुसली आहे. नाव घेतलं नाही. साहेबांनी वळून मोठ्याने विचारलं, कोणी? खरं तर थोडा दम धरला असता तर वेळ मारून नेता आली असती. पण कोपऱ्यातली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सहा नंबर उभे राहिले होते, शाळेत राहतात तसे, हात बाजूला लावून.

पुढे चौकशी झाली. दुरुस्तीवाला या वेळी पंधरा दिवसांत आला. त्याने तपासून सांगितलं की चित्राला काडीचाही धक्का लागलेला नाही, काजळीला थुंकी चालते, आम्हीही कधी कधी कापसाच्या बोळ्याने तेच करतो. साहेबांना ते आवडलं नाही. सहा नंबरांची नोकरी राहिली, पण त्यांना तळघरात धाडलं, मोडक्या चौकटींची यादी करायला. सहाव्या दालनात पाऊल ठेवायचं नाही, असा हुकूम. त्यांनी तो आठ महिने पाळला. तसं पाहिलं तर चित्रही जागेवर नव्हतंच, ते पुरतं साफ करायला दुरुस्तीवाल्याकडे गेलं होतं. तरी हे जिन्यापाशी आले की वर न बघता तळघरात उतरायचे. सकाळी आलीस का खिडकी म्हणायचे, पण उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. मी मात्र रोज उत्तर द्यायची.

ते निवृत्त झाले आणि पुढच्याच आठवड्यात चित्र परत आलं. अहो, काय सांगू, चित्र कुठलं, घरच उघडलं! नवऱ्याच्या कोटाचा हिरवा रंग निघाला, बायकोचे गाल निघाले, खाली गालिचा निघाला. आणि डाव्या काठाशी, जिथे नुसता काळोख होता, तिथे एक दार निघालं. दाराशी बुटक्या स्टुलावर एक नोकर बसलेला. साधे कपडे, टोपी मांडीवर, एक हात खाली सोडलेला, आपण कुत्र्याला बोलावताना सोडतो तसा. कुत्र्याची नजर सरळ त्या हातावर.

बाई धावत आल्या आणि चित्रासमोर रडल्या. निष्ठा होती, पण मालकांवर नव्हती, असं त्यांनी पुन्हा नव्याने लिहिलं. पाटी बदलली. लेखाच्या शेवटी सहाव्या दालनाच्या पहारेकऱ्यांचे आभार छापले. तो लेख त्या स्वतः तीन मजले चढून त्यांना देऊन आल्या आणि म्हणाल्या की आधी वाचू नका काका, चित्र येऊन बघा.

पुढच्याच मंगळवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, बुटांना पॉलिश, हातात छत्री. माझ्यासमोर पाहुण्यांच्या रांगेत उभे राहिले आणि एक तिकीट मागितलं. मी म्हटलं, तुम्हाला कसलं तिकीट, जा वर. पण त्यांनी तिकीट घेतलंच. छत्री माझ्याकडे ठेवून गेले. मला वाटलं, आता दुपारपर्यंत काही येत नाहीत.

दहा मिनिटांत ते खाली आले. रांग बाजूला ठेवून मी विचारलं, काय झालं?

"तो माझ्याकडे बघत नव्हता, खिडकी. इतकी वर्षं."

मी काहीतरी पुटपुटले की चित्रच ते, कोणाकडे बघणार. त्यांचं लक्ष नव्हतं. खिडकीच्या फळीवर बोटाने रेघ ओढत राहिले.

"बरं झालं म्हणा," ते म्हणाले. "मला वाटायचं त्याचं कोणी नाही. त्याचा माणूस तिथेच होता. काळोखात बसला होता, एवढंच."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. की अहो, बावीस वर्षं या खिडकीतून एक बाई तुम्हाला येताना बघते, जाताना वळणापर्यंत बघते, सोमवारी सुट्टी असते म्हणून सोमवार तिला खायला उठतो. उभ्या जगाला फटकारणारी माझी जीभ, ती टाळ्याला चिकटून बसली. मी खाली वाकले, छत्री काढली आणि त्यांच्या हातात दिली. छत्री विसरत होतात, इतकंच मी म्हणाले.

हो की, ते म्हणाले. येतो म्हणाले. मी काचेला नाक लावून वळणापर्यंत बघितलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पूर्वीही कधी पाहायचे नाहीत. रांगेतला माणूस फळीवर टकटक करत होता. मी त्याला विचारलं, किती तिकिटं?